वामनकाकांचं खाकरणं

देवीदास गावंडे यांची ऐन तारुण्यात अशी ठाम समजूत होती, की शास्त्रीय गिटारवादनाची सुरुवात खाकरण्याने होते. आधी एक भारदस्त खाकरणं, मग ‘आता ऐका’, मग वादकाचं नाव, मग त्याचा मुक्काम, आणि त्यानंतर तारा. ही समजूत त्यांची अकोल्याच्या जठारपेठेत झाली, आणि करून देणारे होते वामनराव.

वामनरावांचं जठारपेठेत कॅसेटी भरून देण्याचं दुकान होतं. लग्नाची गाणी, भजनं, कव्वाल्या, जे म्हणाल ते. त्यांचा एक पुतण्या जहाजावर नोकरीला होता. दर खेपेला तो काकासाठी परदेशी तबकड्या आणायचा आणि का कोण जाणे, त्यात एकट्या गिटारच्याच जास्त असायच्या. ना गायक, ना ढोलक. एक माणूस आणि सहा तारा. अकोल्यात त्या तबकड्यांना काळं कुत्रं विचारत नव्हतं. देवीदास तेव्हा अकोल्याला कॉलेजात होते. बहिणीच्या लग्नासाठी हळदीची गाणी भरून घ्यायला म्हणून ते दुकानात शिरले आणि मागच्या खोलीत जे हळू आवाजात चाललं होतं, ते ऐकत उभेच राहिले. हळदीची गाणी विसरली ती विसरलीच. बहीण त्याचा उल्लेख अजूनही करते.

‘‘आवडलं काय तुले?’’ वामनरावांनी विचारलं.

‘‘हो.’’

‘‘बस मंग.’’

एवढ्यावर त्यांची मैत्री झाली. वामनराव त्यांना एकेक कॅसेट भरून देत गेले आणि पैशांचा विषय निघाला की दुकानातल्या रेडिओचा आवाज मोठा करत. त्या कॅसेटींत स्पेनचे नाच होते, जर्मनीत ल्यूट नावाच्या जुन्या वाद्यासाठी लिहिलेल्या आणि पुढे गिटारवर आणलेल्या रचना होत्या, ब्राझीलची प्रील्यूडं, म्हणजे छोट्या सुट्या रचना, होती. ट्रेमोलो तर असा, की तीन बोटं एकाच तारेवर भिंगरीसारखी फिरताहेत आणि अंगठा खाली निराळंच काही सांगतो आहे. ‘‘एकच मानूस हाये बरं,’’ वामनरावांनी आधीच बजावलं होतं. ‘‘मीबी दोन समजलो होतो.’’ तबकड्यांवरची अक्षरं बारीक, वामनरावांचा चष्मा जुना आणि लिहिण्याचा कंटाळा. त्यामुळे ते प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला स्वतःच्या आवाजात जाहीर करत. एक खाकरणं, आणि मग, ‘‘आता ऐका. वादक अमुक अमुक. मुक्काम स्पेन.’’ जणू स्पेन हा अकोटच्या पुढचा एसटीचा थांबा असावा.

पुढे सीडी आल्या, त्याही गेल्या, आणि सगळ्या जगाचं वादन मोबाईलवर आलं. देवीदास नांदगाव पेठेतल्या एका कापड गिरणीत क्वालिटी विभागात लागले, अमरावतीत कठोरा नाक्याजवळ त्यांनी घर बांधलं. दिवसभर मागांचा खडखडाट ऐकून घरी आलं, की ते मागच्या खोलीत गिटार ऐकत. पण मोबाईलमधलं वादन थेट सुरू व्हायचं आणि त्यांना चुकल्यासारखं वाटायचं. म्हणून ते आधी स्वतः खाकरत आणि मग बटण दाबत. पन्नाशी आल्यावर त्यांनी गिटार विकत घेतली, पुस्तकं आणि मोबाईल बघून शिकले, आणि वाजवण्याआधीसुद्धा खाकरू लागले. साधना, म्हणजे त्यांची पत्नी, शाळेत शिकवते. तिला घशाचे डॉक्टर सुचवायची घाई झाली होती.

हे सगळं सुखाचं होतं, कारण ते दार लावून चाललेलं होतं. दार उघडलं ते वामनकाकांच्या फोनने.

‘‘देवीदास, मी चाल्लो बा कोइमतूरले, पोराकडे. आता कायमचाच. येत्या रविवारी संध्याकाळची गाडी हाये.’’ काका ऐंशीच्या पुढचे, काकू मागच्या वर्षी गेल्या. ‘‘तू वाजवतं म्हने आता?’’

‘‘थोडंफार, काका.’’

‘‘जिंदगीभर मी परक्या मानसाइचं भरलं रे. वळखीच्या मानसाचं एकबी नाई ऐकलं. एखांदं भरून आन ना गा माह्यासाठी. जाच्या आंदी ऐकतो.’’

देवीदास ‘हो’ म्हणाले. ‘हो’ म्हणायला काही लागत नाही. फोन ठेवल्यावर मात्र त्यांनी रविवारपर्यंतचे दिवस बोटांवर मोजले. या माणसाने आपल्याला काय दिलं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. मागांच्या त्या गोंगाटात इतकी वर्षं डोकं शाबूत राहिलं, ते त्या कॅसेटींच्या जोरावर. आणि त्याने पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

समोर जाऊन वाजवण्याचा प्रश्नच नव्हता. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये उसन्या गिटारवर त्यांनी एकदा तो प्रयोग केला होता. पडदा उघडला, समोर माणसं दिसली, आणि हात असे थरथरले की पडदा ओढणाऱ्याला दया येऊन त्याने तो आपणहून पाडला. तेव्हापासून माणूस दिसला की देवीदासांची बोटं संपावर जात. तेव्हा रेकॉर्डिंगच करायचं. तुकडाही ठरलेला होता: एक स्पॅनिश अभ्यास, म्हणजे बोटं घोटण्यासाठी लिहिलेली छोटी रचना, जेमतेम अडीच मिनिटांचा, साधा आणि थोडा उदास. बुधवार ते शनिवार सुटी टाकली की झालं.

पहिलं रेकॉर्डिंग त्यांनी शेजारच्या शेषराव बोंडे यांना ऐकवलं. शेषराव सिंचन विभागातून निवृत्त झालेले आणि सल्ल्याच्या बाबतीत अजून पूर्णवेळ कामावर असलेले गृहस्थ. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

‘‘कूलर लय साफ आला, भाऊ,’’ ते म्हणाले.

खरंच होतं. मोबाईलने सगळ्यात आधी देवीदासांचा कूलर ऐकला होता, मग शेषरावांचा कूलर, मग भाजीवाल्या सहदेवच्या गाडीवरचा भोंगा (‘‘भेंडी घ्या, गवार घ्या, ताजा सांभार घ्या’’, म्हणजे कोथिंबीर), आणि उरलेल्या जागेत कुठेतरी स्पेन. शास्त्रीय गिटार हे मुळात संकोची वाद्य. नायलॉनच्या तारा, ना तिला वीज ना भोंगा. ‘‘लोखंडी तारा लावून टाका,’’ शेषराव म्हणाले, ‘‘दणक्यात वाजते.’’ लोखंडी तारांनी या गिटारचं पोट फाटतं, हे देवीदासांनी समजावलं. ‘‘मंग रातच्यानं भरा.’’ रात्री लग्नसराईचे डीजे होते. शेषराव विचारात पडले आणि मग त्यांना ती घातक कल्पना सुचली.

‘‘नागपूरले माह्या साडभावाच्या पोराचा इस्टुडिओ पाहेल हाये मी. चारी भिताडाले नुसता मऊ माल ठोकेल. बाहेरचा आवाज आत नाई, आतला बाहेर नाई. तसं करून टाकू.’’

आता हे वाक्य पुण्यात कोणी बोललं असतं, तर ऐकणारा फोम आणायला बाजारात गेला असता. वऱ्हाडात मऊ माल म्हटल्यावर माणूस बाजारात जात नाही, माळ्यावर चढतो. पलीकडच्या गोदाबाईंचं अकोटकडे शेत. पोरांच्या लग्नांसाठी घरच्या कापसाच्या गाद्या भरून भरून त्यांचं माळवद खाली आलं होतं. त्यांनी ‘कायले पायजे’ असं न विचारताच गाद्या धाडल्या. त्या जाताना बघून पुढच्या घरानेही धाडल्या. गल्लीत असं असतं, की एक घर गादी देतं म्हटल्यावर दुसऱ्याला उशी तरी द्यावीच लागते. संध्याकाळपर्यंत देवीदासांच्या अंगणात कापसाची जिनिंग फॅक्टरी उभी राहिली होती.

‘‘अहो, हे काय करून राहिले तुमी?’’ बाजारातून आलेल्या साधनाने विचारलं.

‘‘रेकॉर्डिंग.’’

‘‘आन झोपाचं कुठं?’’

यावर शेषरावांनीही सल्ला दिला नाही.

मे महिना, लग्नसराई, आणि एका घरी गल्लीभरच्या गाद्या. याचा अर्थ जो निघायचा तोच निघाला. रात्र व्हायच्या आत पुण्याहून मुलीचा, हर्षाचा, फोन आला. ‘‘बाबा, माझं लग्न ठरलं म्हणे. अभिनंदन. कोणाशी?’’ तिला समजावून होतं तोच साधनाचा मोठा भाऊ फोनवर आला आणि अत्यंत शांतपणे म्हणाला, की आम्हाले गल्लीतल्या लोकाइकडून समजावं, एवढे परके झालो काय आम्ही. गाद्या गिटारसाठी आहेत, असं देवीदासांनी सांगितलं. मेहुण्याने विचारलं, ‘‘पोराचं नाव काय?’’ खरं सांगून अब्रू वाचत नाही, हा धडा देवीदासांना उतारवयात मिळाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाहेरच्या आवाजांचा बंदोबस्त हाती घेतला. कचऱ्याची घंटागाडी गाणं लावून नेमकी त्यांच्या फाटकाशी थांबत असे. दोन दिवस ती गाण्याविना यावी म्हणून ते वॉर्डाच्या कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी विचारलं, ‘‘कारण?’’ देवीदास म्हणाले, ‘‘शांतता.’’ शांततेचा विषय पोलिसांकडे, असं त्यांना सांगण्यात आलं. पोलिस चौकीतल्या जमादाराने सौजन्याने खुर्ची दिली आणि भांडण कोणाशी आहे ते विचारलं. कोणाशीच नाही म्हटल्यावर तो निराश झाला. मग ते वीज कार्यालयात गेले आणि साहेबांना अगदी नम्रपणे म्हणाले, ‘‘आमच्या गल्लीतली लाइट दुपारी दहा मिनिटं घालवता येईल काय? सारे कूलर एकदम बंद होतील.’’ साहेबांनी मे महिन्यात लोकांकडून बरंच काही ऐकलेलं होतं, पण इतका थंड टोमणा त्यांना कोणी मारलेला नव्हता. ‘‘काका, मलेही घरी लेकरं हायेत,’’ ते कळवळून म्हणाले. देवीदास गुपचूप उठले.

शुक्रवारी दुपारी त्यांनी गाद्यांच्या खोलीत पहिली बैठक मारली. चारी बाजूंनी दोऱ्यांवर गाद्या, वरून रजया, खिडकीवर शेषरावांची जाडजूड गादी. आवाज खरोखर थांबला. त्याचबरोबर हवाही थांबली. पाच मिनिटांत घाम कोपरावरून गिटारवर ठिबकू लागला, तारा उतरू लागल्या, आणि शेजाऱ्यांच्या गाद्यांतून त्या त्या घरचे वास येऊ लागले. तरी देवीदास खाकरले आणि सुरू झाले. तुकडा अर्ध्यावर आला, चांगला आला, आणि शेषरावांची गादी खिडकीवरून सुटून त्यांच्या डोक्यावर आली. खिळ्याला अडकून ती उभी फाटली. साधनाने दार उघडलं, तेव्हा कापसाने पांढरे झालेले देवीदास गिटार पोटाशी धरून शिंकत होते.

‘‘माह्या सासऱ्यानं देल्ली होती ती गादी,’’ शेषराव दारातून म्हणाले.

देवीदास उठले. कपडे झटकले, गिटार खोक्यात ठेवली आणि म्हणाले, ‘‘राहू दे. मी काकांना फोन करून सांगतो, नाही जमलं.’’ त्यांचा आवाज असा होता, की शिंकेचं हसू आलेली साधना हसायची थांबली. ती सरळ गोदाबाईंच्या ओट्यावर गेली.

आतापर्यंत गल्लीत कोणालाही खरं कारण ठाऊक नव्हतं. पन्नाशीच्या माणसाने ‘मला एका म्हाताऱ्या काकांना गिटार ऐकवायची आहे’ हे गल्लीत कसं सांगावं, म्हणून देवीदासांनी ते सांगितलंच नव्हतं. साधनाने सांगितलं. दुकान, फुकट भरलेल्या कॅसेटी, काकू गेलेल्या, कोइमतूर, रविवारची गाडी, सगळं सांगितलं.

गोदाबाईंनी ऐकून घेतलं. ‘‘मंग हे पयले काहून नाई सांगतलं वं? आमी समजलो लगन हाये. लगनात कल्ला चालते. हे त निरोपाचं काम हाये.’’

शनिवारी दुपारी दोनला गल्लीत जे झालं, ते ना वॉर्डाला जमलं असतं ना पोलिसांना. गोदाबाई दारोदार फिरल्या आणि एकेक कूलर बंद झाला. अमरावतीच्या मे महिन्यात दुपारी दोन वाजता कूलर बंद करणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. शेषरावांनी फाटक्या गादीचा विषय न काढता गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकली आणि इलेक्शन ड्यूटीच्या अनुभवावर घंटागाडी पलीकडून वळवली. सहदेवने भोंग्यात पंचा कोंबला आणि गाडी कडुलिंबाखाली लावली. गादी नसलेल्या खिडकीवर साधनाने नुसती ओली चादर टाकली, म्हणजे निदान जीव राहील.

देवीदासांनी मोबाईल समोर ठेवला, बटण दाबलं, डोळे मिटले आणि खाकरले. इतकी शांतता त्यांनी आपल्या घरात कधी ऐकली नव्हती. पहिला सूर त्यांना स्वतःलाच नवा वाटला. घोटून घोटून पाठ झालेला तो अभ्यास आज आपसूक पुढे चालला, अंगठ्याखालचे सूर आपल्या जागी पडत गेले, आणि शेवटचा सूर विरेपर्यंत त्यांनी हात हलवला नाही.

मग बाहेर कोणीतरी हळूच श्वास सोडला. देवीदासांनी चादर बाजूला केली. खिडकीखाली, फाटकाजवळ, कडुलिंबाखाली सगळी गल्ली बसलेली होती. कूलर बंद, टीव्ही बंद, घरात करणार काय? माणसं सावलीत येऊन बसली होती, घामाने निथळत होती, आणि कोणी ‘हूं’ की ‘चूं’ केलं नव्हतं. देवीदासांनी आपल्या हातांकडे पाहिलं. हात जागेवर होते.

‘‘मले त झोप लागली, बाबू,’’ गोदाबाई म्हणाल्या. ‘‘कूलर चालू असूनबी लागत नाई, आज बिना कूलरची लागली.’’

‘‘चांगलं होतं,’’ शेषराव म्हणाले. ‘‘मी वाट पाहून राहिलो होतो गाणं कवा सुरू होते म्हून. मंग ध्यानात आलं, हेच हाये.’’

ही दाद देवीदासांच्या प्रतिष्ठेला किंचित लागली. ते मोबाईल घेऊन आले आणि सगळ्यांसमोर बटण दाबलं. मोबाईल खाकरला आणि गप्प झाला. पुन्हा दाबलं, पुन्हा नुसतं खाकरणं. पडद्यावर लिहिलं होतं, मोबाईलमध्ये जागा शिल्लक नाही. ती जागा कोणी भरली, हे साधनाने तिथल्या तिथे तपासलं. शेषराव रोज पहाटे गुलाबाच्या फुलांसकट जो सुप्रभात पाठवत, तो वर्षानुवर्षांचा सगळा माल आत पडून होता.

गल्लीत आता खरी शांतता पसरली. शेषराव चप्पल शोधू लागले.

‘‘कूलर अजून बंद ठेवतो आमी,’’ सहदेव म्हणाला, ज्याच्याकडे कूलर नव्हता. पण सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या घामेजल्या चेहऱ्यांकडे पाहून देवीदासांना वाटलं, की या माणसांकडे आता याहून काही मागणं बरं नाही.

‘‘नको,’’ ते म्हणाले. ‘‘लावा कूलर. तुमचे फार उपकार झाले. मी उद्या गिटार घेऊनच जातो.’’

रविवारी सकाळच्या एसटीत गर्दी होती. गिटारच्या खोक्यात काय आहे, ते एका आजीबाईंनी विचारलं, नाजूक सामान आहे म्हटल्यावर सरकून त्यांनी खोक्याला जागा करून दिली, आणि मूर्तिजापूरपर्यंत गिटार बसून व देवीदास उभे राहून गेले. उभ्या उभ्या त्यांना कॉलेजचा पडदा आठवत होता, आणि मग खिडकीखालची गल्ली आठवत होती. अकोला येईपर्यंत गल्ली जिंकली.

जठारपेठेतलं घर रिकामं झालं होतं. सामान पुढे गेलेलं, भिंतींवर तसबिरींचे चौकोन. मधोमध एक सतरंजी, तिच्यावर वामनकाका. बोललं की खोली घुमत होती.

‘‘आनलं काय भरून?’’

देवीदासांनी शरमेने मोबाईल पुढे केला. काकांनी तो कानाशी धरला, ऐकलं, पुन्हा ऐकलं. त्यांच्या सुरकुत्या हलू लागल्या.

‘‘अबे, हे त माह्यं खाकरणं हाये!’’

‘‘तुमच्याकडूनच शिकलो, काका. तेवढंच आलं भरून.’’

काका इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं. डोळे पुसत ते म्हणाले, ‘‘आन बाकीचं?’’

‘‘बाकीचं इथं वाजवतो.’’

काका भिंतीला धरून उठले आणि कोपऱ्यातलं कापड त्यांनी ओढलं. खाली त्यांची जुनी टेप होती, दुकानातली. पोरगा म्हणाला होता, हे लोढणं आणू नका. म्हणून ती काका मांडीवर घेऊन जाणार होते. त्यांनी एक कोरी कॅसेट काढली, तिचं प्लास्टिक दातांनी फाडलं आणि ती आत बसवली.

‘‘तुले माहीत हाये काय,’’ ते म्हणाले, ‘‘तुह्यावाल्या कॅसेटी भरून झाल्या न, मंग मी दुसऱ्या कोणाच्याच कॅसेटीवर बोललो नाई. ते बोलणं तुह्यासाठीच होतं. तू घरी एकटाच ऐकशीन, मंग म्हटलं कोनी तरी संगतीले पायजे.’’

देवीदासांनी खोकं उघडलं. त्यांनी गिटार मांडीवर घेतली, तारा लावल्या. गाद्यांनी गुदमरलेला तिचा आवाज या उघड्या खोलीत दुणावून परत येत होता. त्यांनी गळा साफ करायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकांनी हाताने त्यांना थांबवलं आणि दोन बटणं एकदम दाबली. टेप फिरू लागली. काका खाकरले.

‘‘आता ऐका,’’ ते जठारपेठेतल्या दुकानाच्या आवाजात म्हणाले. ‘‘वादक, देवीदास गावंडे.’’ इथे ते जरा थांबले, आणि मग ठामपणे म्हणाले, ‘‘मुक्काम जठारपेठ.’’

देवीदासांनी वाजवायला सुरुवात केली.